दुसऱ्यांदा विचारलंच नाही

माझा परदेश राजूर घाट चढून गेलं की लागायचा. एसटी कण्हत कण्हत वर यायची, सागाची झाडं सुरू व्हायची, हवा गार लागायची आणि बुलढाणा यायचं. आमचं गाव खाली, मोताळ्याकडं, काळ्या जमिनीत. सकाळी निघालेला माणूस बुलढाण्याचा बाजार करून दिवेलागणीला घरी परत, एवढंच अंतर. माझा पुतण्या पुढं जर्मनीत शिकून आला, तिथं एका कुटुंबात राहिला, आणि आल्यावर तिथल्या खाण्यापिण्याच्या गोष्टी आम्हाला रंगवून सांगायचा. मी ऐकून घ्यायचो. त्याला जाताना दहा जणांनी सांगितलं होतं की बाबा रे, तिकडची माणसं वेगळी असतात. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. उलट सगळं गाव म्हणत होतं, नशीब काढलं पोट्ट्यानं.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता. त्याआधी आमचा वऱ्हाड नागपूरकडं तोंड करून बसलेला. राज्य झालं आणि पुण्याकडचे साहेबलोक बदलून आमच्याकडं यायला लागले. त्यांतले जमीनमोजणीच्या खात्यातले एक साहेब आमच्या गावी मुक्कामाला आले. त्यांचा कारकून तापानं आडवा झाला, तेव्हा गुरुजींनी मला पुढं केलं. मी चावडीत बसून दिवसभर कागदावरचे आकडे आणि नावं खणखणीत आवाजात वाचून दाखवली. संध्याकाळी साहेबांनी माझ्या बापाला बोलावलं आणि विचारलं, पुढं याचं काय करणार?

"काय करतो साहेब," बाबा म्हणाला, "सातवी झाली. आता वावरात जाईन पोरगा."

"माझ्याकडे बुलढाण्याला पाठवा," साहेब म्हणाले. "मॅट्रिक होईपर्यंत राहील. घर मोठं आहे, माणसं तीनच."

बाबानं दोन दिवस घेतले. आम्ही काही उपाशी मरणारे लोक नव्हतो, हे आधी सांगून ठेवतो. घरचं वावर होतं, बैलजोडी होती, भाकरीची टोपली कधी रिकामी नसायची. पण वावराच्या पलीकडं आमच्यातलं कुणी गेलं नव्हतं, आणि ते जावं असं बाबाला फार वाटायचं. तिसऱ्या दिवशी त्यानं माझी ट्रंक स्वतः पुसली. मायनं पदर डोळ्याला लावला. एसटी फाट्यावर यायच्या आधी बाबानं मला बाजूला घेतलं.

"लोकाच्या घरी राह्यतं," तो म्हणाला. "पयल्या बोलीले हाव म्हणू नको. मागून तर खाऊच नको. आपल्या घराचं नाक कापशीन."

आता हे पहिल्या बोलीला हाव, म्हणजे हो, म्हणायचं प्रकरण नीट सांगायला हवं, नाहीतर माझं वेड कुणाला कळायचं नाही. आमच्याकडं पाहुणा जेवायला बसला की त्याला वाढायला येतात. तो म्हणतो, नाई नाई, झालं. वाढणारा म्हणतो, असं कसं, काहीच नाही खाल्लं. पाहुणा म्हणतो, लय झालं, अंगाले लागलं. वाढणारा तिसऱ्यांदा वाकतो, पाहुणा दोन्ही हात ताटावर धरतो, आणि वाढणारा त्या हातांच्या फटीतून भाकर आत सरकवतो. मग पाहुणा ती खातो. ही दोघांची रीत आहे. पहिल्या दोन 'नाई'ला आमच्यात कुणी 'नाई' समजत नाही. आणि जो पहिल्यांदा विचारल्यावर 'वाढा' म्हणतो तो हावरट, त्याच्या घरी खायला नाही, त्याला मायबापानं वळण लावलं नाही. माझ्या एका चुलत मामाची सोयरीक यावरून मोडली. मुलगी बघायला गेला, बेसन चांगलं झालं होतं, पहिल्याच विचारण्याला वाटी पुढं केली. मुलीचा बाप दुसऱ्या दिवशी म्हणाला, नाही जमत. मामा पुढं किती वर्षं बेसनाला हात लावत नव्हता.

हे असं शिकून मी साहेबांच्या बंगल्यात गेलो.

त्यांच्या बायकोला मी बाईसाहेब म्हणालो, तर त्या म्हणाल्या, काकू म्हण. गोऱ्या, किरकोळ, नीटनेटक्या. बोलणं स्वच्छ. त्यांना सहा वर्षांची एक मुलगी होती. मी बोलायला तोंड उघडलं की ती खुदकन हसायची, 'मले' आणि 'तुले' ऐकून तिला फार मजा वाटायची. काकू तिला रागवायच्या. त्यांनी मला राहायला बाजूची खोली दिली, त्यात टेबल होतं, खुर्ची होती. आमच्या गावात खुर्ची फक्त चावडीत होती. आणि त्यांनी मला आपल्या पंगतीला बसवलं, साहेबांच्या शेजारी पाट मांडून. त्या दिवसांत ही काही लहान गोष्ट नव्हती. त्यासाठी त्यांनी सासरच्या माणसांशी वाद घातला होता, हे मला नंतर कळलं. चांगली बाई होती. म्हणूनच तर सगळं अवघड झालं.

पहिल्या दिवशी ताटात दोन पोळ्या आल्या. मऊ, तुपाचा हात लावलेल्या, इतक्या पातळ की हातात धरल्या तर पलीकडचं दिसेल. आमच्याकडची एक भाकर म्हणजे त्यांच्या चार पोळ्या. आमटी गोड. मी विचार केला, ही सुरुवात असेल, पोळ्या येतील. "संकोच करू नकोस हं," काकू म्हणाल्या. हे आमच्याकडंही म्हणतात, आग्रहाच्या आधी म्हणायचंच असतं ते. दोन पोळ्या संपल्या. काकू पोळ्यांचा डबा घेऊन आल्या.

"आणखी वाढू?"

"नको," मी म्हणालो.

"बरं," काकू म्हणाल्या आणि डबा घेऊन आत गेल्या.

मी वाट बघत बसलो. साहेब भात कालवत होते. भाताचंही तसंच झालं. वाढू? नको. बरं. मग साहेब उठले, त्यांच्यामागून मी उठलो, आणि हात धुताना मला समजेना की माझं जेवण झालं की व्हायचं आहे.

मी म्हटलं, पहिला दिवस आहे, विसरल्या असतील. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मग मला वाटायला लागलं की यांना मी जास्त खायला नकोच आहे. तोंडदेखलं एकदा विचारतात आणि सुटका करून घेतात. दुसऱ्यांदा विचारायचा सुद्धा यांना कंटाळा. रागही यायचा. असल्या श्रीमंतीला काय करायचं, जिथं माणसाला एक भाकर जबरदस्तीनं वाढता येत नाही. आणि तिकडं काकू शेजारणीला सांगायच्या, मुलगा फार मितभाषी आणि मिताहारी आहे हो. हे मी खिडकीतून ऐकलं. मिताहारी. मी घरी सकाळी दोन भाकरी खाऊन वावरात जाणारा पोरगा.

भूक म्हणजे काय ते मला तिथं कळलं. सकाळच्या जेवणानंतर दुसरा तास संपेपर्यंत ठीक असायचं. मग फळ्यावरची अक्षरं हलायला लागायची. गणिताचे सर मला हुशार समजायचे, ते एकदा म्हणाले, तुझं लक्ष कुठं असतं रे हल्ली? माझं लक्ष खिडकीबाहेर शेंगा विकणाऱ्या बाईकडं असायचं. रात्री मी पाणी पिऊन झोपायचो. बुलढाण्याची थंडी आमच्या खालच्या माणसाला तशीही सोसत नाही. काकूंनी मला स्वेटर विणून दिला, निळा, चांगला जाड. मी तो घालून उपाशी बसायचो.

वर्गात धाड गावचा एक मुलगा होता, बोर्डिंगमध्ये राहायचा. सोमवारी तो घरून भाकर-ठेचा घेऊन यायचा. मधल्या सुट्टीत फडकं सोडून तो म्हणायचा, घे. मी म्हणायचो, नाई. घे ना बे. नाई, भूक नाही. मग तो माझ्या हातात भाकर कोंबायचा आणि मी ती खायचो. ते सगळं इतकं सोपं होतं. एकदा मी त्याला खरं सांगितलं.

"मंग मागून घे ना बे," तो म्हणाला.

"तू घेशीन का मागून? लोकाच्या घरी?"

"नाई," तो म्हणाला. "म्या नसतं मागितलं." आणि उरलेली अर्धी भाकर त्यानं माझ्याकडं सरकवली. पण सोमवार आठवड्यातून एकदाच येतो.

माझ्या मूर्खपणाला तुम्ही हसाल. हसा. पण मी प्रयत्न केले नाहीत असं समजू नका. शाळेतून येताना मी रस्त्यानं पाठ करत यायचो, हाव काकू, वाढा. वाढा काकू. एक पोळी वाढा. रस्त्यावर अगदी व्यवस्थित जमायचं. पाटावर बसलो, काकू वाकल्या, आणखी वाढू म्हणाल्या, की माझ्या तोंडून 'नको' बाहेर पडलेलं असायचं. ते मी म्हणतच नव्हतो, माझ्या आतून कुणीतरी म्हणत होतं. मग मी 'नको' बारीक आवाजात म्हणून बघितलं. डब्याकडं टक लावून बघत म्हणून बघितलं. एकदा काही बोललोच नाही. तर काकू म्हणाल्या, पोट भरलेलं दिसतंय आज, आणि गेल्या. मला रडू आलं, पण ते आमटी तिखट आहे असं दाखवून निभावलं. त्या गोड आमटीला तिखट म्हणणारा मी पहिलाच असेन.

दिवाळीला घरी गेलो. मायनं मला बघितलं आणि तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "काऊन रे असा हडकला?"

"अभ्यास असतो," मी म्हणालो.

बाबा जेवताना माझ्या ताटाकडं बघत होता. मी सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मला ठाऊक होतं. माझ्या पोराले उपाशी ठेवते म्हणे, असं म्हणून त्यानं त्याच पावली जाऊन ट्रंक उचलून आणली असती. त्याच्या मानापुढं मॅट्रिक काही नव्हती. म्हणजे इथं बोललो तर शाळा गेली, आणि तिथं बोललो तर घराचं नाक गेलं. आणि शाळा मला हवी होती. मला किती हवी होती ते मी आजही कुणाला समजावू शकत नाही. तिथल्या वाचनालयात बसून मी ज्या गोष्टी वाचल्या होत्या त्यांनंतर मला वावरात परत जाऊन जगता आलं नसतं. मी मायच्या हातचं चार दिवस खाऊन घेतलं आणि परत घाट चढलो.

मग गाईची गोष्ट सुरू झाली.

काकू रोज पहिली पोळी गाईसाठी काढून ठेवायच्या. कॉलनीत एक पांढरी गाय फिरायची, सकाळी फाटकाशी येऊन उभी राहायची. आधी मुलगी पोळी द्यायची, पण गाईनं एकदा तिचा फ्रॉक चावला, तेव्हापासून ते काम माझ्याकडं आलं. पहिल्या दिवशी मी पोळी दोन बोटांत धरून फाटकापर्यंत गेलो. ती गरम होती. दुसऱ्या दिवशी मी त्यातली अर्धी तोडून तोंडात टाकली आणि अर्धी गाईला दिली. मग काही दिवसांनी गाईला फक्त काठ मिळायला लागले. मग तेही नाही. मी कुंपणाच्या मेंदीआड उभा राहून पोळी खायचो आणि गाय पलीकडून माझ्याकडं बघत राहायची. तिचं माझ्याबद्दल काही चांगलं मत नसावं. माझंही नव्हतं. माणसाच्या पोरानं मुक्या जनावराच्या तोंडचं काढून खावं, याच्यापुढं आता काय उरलं, असं वाटायचं, आणि दुसऱ्या सकाळी मी पोळीची वाट बघत उभाच असायचो.

हे शेजारच्या बंगल्यातल्या बाईंनी बघितलं. त्यांनी मला काही विचारलं नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं काकूंकडं, कॉलनीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या, तेव्हा त्या मोठ्यानं म्हणाल्या, तुमच्याकडचा तो मुलगा रोज गाईच्या तोंडची पोळी खातो हो, पोटभर देत नाही की काय त्याला?

मी खोलीत होतो. मला ते ऐकू आलं.

बायका गेल्यावर काकू माझ्या खोलीत आल्या.

"मी तुला कमी वाढते का रे?"

"नाही."

"मी रोज विचारते की नाही, आणखी वाढू का म्हणून?"

"हाव. विचारता."

"मग मी देते तेव्हा नको म्हणतोस आणि गाईचं खातोस? माझ्या हातचं तुला चालत नाही?"

काय सांगायचं? की तुम्ही एकदाच विचारता? की माझ्या 'नको'चा अर्थ 'नको' नव्हता? ते सांगणं म्हणजे मागणंच होतं. मी खाली बघत उभा राहिलो. त्यांना वाटलं, हा उर्मटपणा आहे.

"घरच्यांशी भांडून मी तुला पंगतीला बसवलं," काकू म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "सगळ्या कॉलनीत माझी अब्रू घालवलीस."

साहेबांनी दोन दिवस वाट बघितली, मग मला बोलावून घेतलं. ते रागावले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. ते म्हणाले, तुझं इथं मन रमत नाही, ते दिसतंच आहे. हिलाही फार लागलंय. वडिलांना निरोप पाठवतो. बाजाराला आलेल्या आमच्या गावच्या एकाजवळ त्यांनी निरोप दिला की रविवारी या आणि मुलाला घेऊन जा.

मी बोर्डिंगच्या सरांकडं गेलो, ते म्हणाले जूनशिवाय जागा नाही. धाडच्या मित्रानं मला आपल्या खाटेवर अर्धी जागा देऊ केली, पण सरांनी ते ऐकून घेतलं नाही. मी वाचनालयात जाऊन बसलो. पुस्तक उघडलं आणि त्यातलं एक अक्षर वाचता आलं नाही. संपलं, मला वाटलं. गावी जायचं, बैलांमागं चालायचं, आणि जन्मभर लोकांना सांगायचं की मला साहेबांच्या घरी राहता आलं नाही. जीव द्यावासा वाटत होता. ते वय तसंच असतं, पण त्या वयात असलेल्याला ते सांगून उपयोग नाही.

रविवारी बाबा आला. पहिल्या गाडीनं आला, म्हणजे पहाटे घरून काही न खाता निघालेला. धुतलेलं धोतर, नवी टोपी, आणि पिशवीत तुरीची डाळ आणि शेंगा, साहेबांच्या घरी म्हणून. ट्रंक ओसरीवर भरून ठेवलेली त्यानं बघितली. जोडे पार फाटकाशी काढले आणि आत आला.

"आधी जेवून घ्या," काकू म्हणाल्या. "मग बोलू."

पाट मांडले. साहेब, बाबा, मी. दोन-दोन पोळ्या आल्या. बाबा घास लहान करून, सावकाश खात होता, परक्या घरी खातात तसा. पोळ्या संपल्या. काकू डबा घेऊन वाकल्या.

"आणखी वाढू?"

"नाई जी. झालं," बाबा म्हणाला.

"बरं," काकू म्हणाल्या आणि वळल्या.

मी बाबाच्या हाताकडं बघत होतो. दुसऱ्यांदा विचारतील म्हणून त्यानं हात ताटाच्या वर अर्धवट धरला होता, अडवायला. तो हात तसाच राहिला. मग त्यानं तो हळूच मांडीवर घेतला. त्याच्या तोंडावर काही दिसलं नाही, पण मला कळलं, कारण मी रोज त्याच जागी बसत होतो.

साहेब म्हणाले, "मुलगाही असाच. दोन पोळ्यांवर उठतो. आणि मग बाहेर..." ते थांबले. पुढचं काकूंनी सांगितलं. गाईचं, शेजारणीचं, हळदीकुंकवाचं. शांतपणे सांगितलं. "तुम्हीच सांगा, आमचं काय चुकलं?"

बाबानं माझ्याकडं बघितलं नाही. "तुमचं काई नाई चुकलं बाई," तो म्हणाला. "मी नेतो त्याले. आत्ताच नेतो."

तो उठायला लागला, आणि मी बोललो. कुठून बळ आलं ते माहीत नाही.

"काकू, बाबाचं पोट नाही भरलं. त्याईनं सकाळपासून काई खाल्लं नाही. एकदा इचारल्यावर ते हाव म्हणत नाहीत. आमच्यात तीनदा इचारतात, मंग घेतात. पयल्यांदा हाव म्हटलं तर लोक हसतात. मी पण रोज वाट पाहत होतो. तुम्ही दुसऱ्यांदा इचारलंच नाही."

"गप बस बे," बाबा म्हणाला.

काकू वळल्या. डबा त्यांच्या हातात होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बाबाकडं.

"खरं का हो हे?" त्यांनी विचारलं. "तुमचं पोट भरलं नाही?"

बाबा अर्धवट उठलेला तसाच थांबला. त्यानं 'भरलं' म्हटलं असतं तर मी खोटा ठरलो असतो, आणि ट्रंक ओसरीवर होतीच. एवढंच म्हणायचं होतं त्याला, भरलं जी, आणि त्याचा मान राहिला असता. आमच्या गावात कुणी विचारलं असतं तर मरेपर्यंत तेच म्हणाला असता. साहेबांनी हात थांबवला होता.

मग बाबा पुन्हा खाली बसला आणि त्यानं ताट पुढं सरकवलं.

"नाई भरलं," तो म्हणाला. "भूक हाये बाई. वाढा."

काकूंनी वाढलं. एक पोळी संपली की त्या विचारायच्या, आणि बाबा म्हणायचा, हाव. पुन्हा विचारायच्या, हाव. भात वाढू? हाव. मान खाली घालून तो जेवत होता, कुणाकडं बघत नव्हता. मला वाटतं पोट भरल्यावरही तो हाव म्हणत राहिला, कारण एकदा म्हटल्यावर आता थांबायचं कुठं ते त्याला समजत नव्हतं. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग त्यांनी माझ्या ताटात पोळ्या टाकल्या, न विचारता, एकावर एक. इतके महिने ज्याची वाट बघितली ते ताटात होतं आणि मी बाबाच्या ताटाकडं बघत बसलो.

ट्रंक परत खोलीत गेली. साहेबांनीच उचलून ठेवली.

मी बाबाला एसटीपर्यंत पोचवायला गेलो. गाडी लागली आणि तो खिडकीशी बसला.

"मायले सांगू नको," तो म्हणाला. "म्या मागून खाल्लं म्हून."

मी मॅट्रिक त्याच घरातून झालो. त्यानंतरच्या वर्षांत काकूंनी मला एकदाही उपाशी उठू दिलं नाही. तीनदा विचारायच्या, पाचदा विचारायच्या, मी खरंच नको म्हटलं तरी ऐकायच्या नाहीत. त्यांची मुलगी मला चिडवायची, की याचं 'नको' म्हणजे 'हाव'. बाबा बाजाराला आला की डाळ, शेंगा, कधी लोणच्याची बरणी घेऊन यायचा आणि फाटकाशी उभा राहायचा. मी बाहेर जायचो. माझ्यामागून काकू यायच्या.

"आत या. जेवून जा."

"नाई जी. जेवून आलो."

पहिल्या गाडीनं निघालेला माणूस जेवून येत नाही, हे मला माहीत होतं आणि काकूंनाही.

"असं कसं? दोन घास तरी."

"लय झालं सकाळी."

"माझ्यासाठी तरी या हो आत."

"नाई, बाई," तिसऱ्या बोलीलाही बाबा म्हणायचा, आणि पिशवी माझ्या हातात देऊन बाजाराकडं चालायला लागायचा.